झाकणाच्या आतली खूण

सोमवारी सकाळी साडेनऊला आबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवलं आणि म्हणाले, "मागे पडतंय."

"किती?" सुनेने विचारलं.

"तूच बघ. डोळे तुझे चांगले आहेत."

सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कापडावरच्या. नऊ मिनिटं. गेल्या सोमवारी चार होती, त्याच्या आधीच्या सोमवारी अकरा. अहो, मागे पडायचीसुद्धा काही रीतभात असते! जे घड्याळ मागे पडतं ते रोज पडतं आणि ठरलेलं पडतं. दिवसाला एक मिनिट म्हणजे एक मिनिट. मग मागचं झाकण उघडायचं, आतली बारीक दांडी केसभर सरकवायची आणि चहा मागवायचा. या घड्याळाचं सगळंच न्यारं होतं. मंगळवारी बरोबर, बुधवारी बरोबर, गुरुवारी सकाळी अचानक तीन मिनिटं गायब, शुक्रवारी-शनिवारी पुन्हा शहाण्यासारखं, रविवारी आणखी सहा मिनिटं खाऊन मोकळं.

हा अकरावा सोमवार होता. दहा वेळा तिने ते घड्याळ खोललं होतं आणि दहा वेळा ते ठणठणीत करून आबांच्या हातात दिलं होतं. आबा समोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसले. पेपरामागून "हं" असा एक आवाज आला. त्या "हं"मध्ये नाचता येईना अंगण वाकडे, हे सगळं बसवलेलं होतं. सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सासऱ्यांपुढे बोलणार काय? तिने भिंग डोळ्याला लावलं.

दुकान एवढंसं. एक काउंटर, एक खुर्ची, मागे खिळ्यांना टांगलेले पट्टे, आणि काउंटरच्या खाली सव्वाशे छोटे खण असलेलं लाकडी कपाट. कुठल्या खणात कुठल्या घड्याळाचं चाक आहे हे डोळे मिटून सांगणारी दोनच माणसं होती. एक आबा, आणि दुसरी ही. तरी गल्लीत तिला कोणी घड्याळवाली म्हणत नसे. "आबांची सून" हेच तिचं नाव. शेजारचा चष्मेवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, "आत जा, आबांची सून बसलीय," आणि गिऱ्हाईक आत येऊन पहिलं वाक्य म्हणायचं, "आबा नाहीत का?"

ती या घरात आली तेव्हा तिला घड्याळातलं एवढंच कळायचं की छोटा काटा तासाचा. नवऱ्याला तेवढंही कळत नसे, म्हणून तो वीज कंपनीच्या कचेरीत लागला होता. एकदा मुलीच्या बोटात लाकडाचं कुसळ गेलं. तिने चिमट्याने ते असं अलगद काढलं की पोर खेळता खेळता रडायचंच विसरली. आबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून दुकानात येऊन बस." त्याला एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालून किती घड्याळं गेली असतील याचा हिशेब नाही. पण त्यातल्या एकाही घड्याळाला ती तिच्या हातून गेल्याचं ठाऊक नव्हतं. घड्याळवाल्यांची एक जुनी पद्धत आहे. काम पूर्ण झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने बारीक खूण ओरखडायची आणि शेजारी महिना, वर्ष. गिऱ्हाइकाला ती जन्मात दिसत नाही. पुढे कधी ते झाकण उघडलंच तर दुसरा घड्याळवालाच उघडणार, आणि त्याला कळणार की हे यंत्र कोणाच्या हातून गेलंय. आबांची खूण होती त्रिकोण. आणि सून जे जे काम करी त्यात ती स्वतःच्या हाताने आबांचा त्रिकोण ओरखडी.

स्वतःची खूण तिने कधीच ठरवून ठेवली होती. एक आडवी रेघ आणि तिच्यावर एक ठिपका. खणात एक भंगारातलं झाकण होतं, त्याच्यावर ती सराव करायची. सराव करून करून त्या झाकणावर आता जागा उरली नव्हती.

तिने आबांना आजवर तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा आबा म्हणाले, "अजून हात बसू दे." हात बसला, त्यालाही आठ वर्षं झाली, तेव्हा म्हणाले, "खूण म्हणजे काय रांगोळी आहे, कोणीही काढायला?" आणि या वर्षी, जेव्हा आबांचे हात इतके थरथरायला लागले की चहाच्या कपाचा बशीवर ताशा वाजायचा, तेव्हा तिने तिसऱ्यांदा विचारलं. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे माझ्या मनगटावर सात दिवस एका मिनिटाच्या आत चालवून दाखव. चावी न देता. मग खुशाल घाल तुझी खूण. पहिली यातच घाल."

तिला मनातल्या मनात हसू आलं होतं. एवढंच? आबांचं घड्याळ ऑटोमॅटिक होतं. म्हणजे त्याला रोज चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि घड्याळ चालवणारी कमान आपोआप भरत जाते. माणूस चालला की घड्याळ चालतं. असल्या घड्याळाला हाताने चावी देणाऱ्यांचा आबांना भारी राग. "ऑटोमॅटिकला चावी देणं म्हणजे धडधाकट माणसाला कडेवर घेऊन फिरणं," असं ते म्हणायचे. तोवर त्या घड्याळाला आबांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. झाकणाच्या आत त्यांचे त्रिकोण ओळीने होते, दर चार वर्षांनी एक. शेवटचा गेल्या वर्षीचा होता. त्याची तिसरी रेघ पहिलीला येऊन मिळतच नव्हती. सुई घसरली असेल, असं तिला वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यात तिने दांडी सरकवली. दुसऱ्या आठवड्यात सगळं घड्याळ सुटं करून धुतलं, नवं तेल घातलं. मग कमान बदलली. मग लोहचुंबकाचा परिणाम असेल म्हणून तोही उतरवला. मग तिला वाटलं तारखेचं चाक अडत असणार, मध्यरात्री तारीख बदलताना जीव जात असणार बिचाऱ्याचा, म्हणून ते पुरं खोलून घासूनपुसून बसवलं. दर खेपेला टिकटिक ऐकून चूक सांगणाऱ्या यंत्रावर घड्याळ ठेवलं की पडद्यावर रेघ अशी सरळ यायची की बघत राहावं. उताणं ठेवा, पालथं ठेवा, कडेवर उभं करा, दिवसाला चार सेकंदांच्या वर फरक नाही. आणि आबांच्या मनगटावर गेलं की तिसऱ्या दिवसापासून पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"यंत्र तर बरोबर म्हणतंय!" एकदा ती न राहवून म्हणाली.

"यंत्राला मनगट नसतं," पेपरामागून उत्तर आलं.

कमान भरत नसेल का, हा विचार तिच्या डोक्यात आला नाही असं नाही. सहाव्या आठवड्यात आला होता. तिने आतलं वजन तपासलं, त्याची चाकं तपासली, सगळं लोण्यासारखं फिरत होतं. राहता राहिला घालणारा माणूस. तर आबा सकाळी सातला काठी घेऊन नदीच्या पुलापर्यंत जायचे, आणि संध्याकाळी पाचला पुन्हा पुलापर्यंत. गेली कित्येक वर्षं. दुकानातून ती त्यांना कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी वळताना रोज बघायची आणि बरोबर तासाभराने परत येताना बघायची. चार मैल चालणाऱ्या माणसाचं घड्याळ उपाशी कसं राहील? तिने तो विचार सोडून दिला. तरी विचारलं होतं, "आबा, मध्येच थांबतं का हो?" आबा म्हणाले होते, "थांबत नाही. मागे पडतं."

एखाद्याच घड्याळापुरतं असतं तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण अकरा आठवड्यांत त्या घड्याळाने तिचा स्वतःवरचा भरवसाच पोखरला. दुसऱ्यांची घड्याळं करतानासुद्धा ती बसवलेला स्क्रू पुन्हा काढून बघू लागली. एका बाईचं नाजूक घड्याळ तिने तीन दिवस उगाच ठेवून घेतलं, नीट चालत असताना. आपला हात गेला का? डोळा गेला का? की मुळात नव्हताच, आणि आबांच्या त्रिकोणाखाली एकोणीस वर्षं खपून गेलं? त्यात एक गिऱ्हाईक घड्याळ घेताना म्हणालं, "एकदा आबांच्या नजरेखालून घातलंय ना?" ती म्हणाली, "हो." आणि ते गेल्यावर कपाटाचा खण एवढ्या जोरात लावला की आतली सगळी चाकं एकमेकांत मिसळली. ती वेगळी करायला दुपार गेली. रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त येत होता.

घरी नवऱ्याचं वेगळंच. "बाबांना एक बॅटरीचं घेऊन देऊ या," तो जेवताना म्हणाला. "कशाला जीव काढतेस? नाही जमत तर नाही जमत."

"नाही जमत" ऐकून तिने ताटातला भात तसाच बाजूला सारला. आबा खाली बघून जेवत होते.

नवऱ्याला आबांची काळजी नव्हती असं नाही, जरा जास्तच होती. गेल्या हिवाळ्यात आबा जिन्यात पडले होते. फार लागलं नव्हतं, पण त्याने तेव्हाच जाहीर केलं होतं, "पुन्हा एकदा असं काही झालं ना बाबा, तर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी ऑफिसात बसून घोर लावून घेणार नाही." आबा तेव्हाही खाली बघूनच जेवले होते.

बारावा सोमवार उजाडला. आबा घड्याळ ठेवून, "मागे पडतंय," म्हणून गेले. सात मिनिटं.

आबांनी तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, पाहुण्याला आधी पाणी, घड्याळाला आधी चावी. टेबलावर आलेल्या कुठल्याही घड्याळाला, मग ते ऑटोमॅटिक का असेना, आधी पुरती चावी द्यायची. पोट भरल्याशिवाय त्याची खरी चाल कळत नाही. आणि दुसरी, गिऱ्हाइकाचं ऐकू नकोस, घड्याळाचं ऐक. पहिली तिच्या हाडात इतकी मुरली होती की घड्याळ हातात आलं रे आलं की तिची बोटं आपोआप चावी फिरवायला लागत. आबांच्या घड्याळालाही ती अकरा सोमवार सगळ्यांत आधी चावी देत आली होती, त्याचं तिला भानही नव्हतं.

त्या सकाळी मात्र एका जुन्या घड्याळाची काच बसवताना ती फुटली होती आणि उजव्या अंगठ्यात शिरली होती. चष्मेवाल्याने पट्टी आणून दिली, एवढी जाड की अंगठ्याचा लाडू झाला. त्या लाडवाने चावीची इवलीशी घुंडी पकडता येईना. दोनदा निसटली. "मर मेल्या," असं घड्याळाला म्हणून तिने चावीचा नाद सोडला, घड्याळ पकडीत बसवलं आणि सरळ झाकणच उघडलं.

भिंग डोळ्याला लावलं आणि ती आणखी खाली वाकली.

घड्याळाचं काळीज म्हणजे आतलं डोलणारं चाक. पोट भरलेल्या घड्याळात ते ऐटीत डोलतं, पाऊण फेरा इकडे, पाऊण फेरा तिकडे. हे डोलत नव्हतं, थरथरत होतं. अर्धा फेराही पुरा नाही. कमानीत जीवच उरला नव्हता. पहाटे काही मिनिटं हे घड्याळ थांबत असणार आणि सकाळी मनगटावर चढलं की त्या हिसक्याने पुन्हा सुरू होत असणार. सोमवारी तिने दिलेल्या चावीवर ते दोन दिवस नीट चालायचं, आणि ती संपली की त्याला घासभर खायला घालणारं कोणी नव्हतं.

आता कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. अकरा सोमवार पुरावा तिच्या हातात येत होता आणि ती स्वतःच्या हाताने चावी देऊन तो पुसून टाकत होती. घड्याळ ओरडून सांगत होतं की मी उपाशी आहे, आणि ती ऐकत होती गिऱ्हाइकाचं, पुलापर्यंत, पुलापर्यंत!

संध्याकाळी पाचला आबा काठी घेऊन निघाले. टपालपेटीपाशी वळले. सुनेने चष्मेवाल्याला "जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि ती त्यांच्या मागे गेली. फार लांब जावं लागलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. टपालपेटीच्या पलीकडे, दुकानातून दिसत नाही अशा बेताने, बसथांबा होता. पत्र्याखालच्या लोखंडी बाकावर आबा बसले होते. काठी दोन गुडघ्यांमध्ये, हात मांडीवर. एक बस आली, थांबली. आबांनी काठीनेच तिला "जा" म्हणून खूण केली. ड्रायव्हरला सवयीचं असावं, तो हसून पुढे गेला.

ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. "कुठली बस पकडायचीय?"

आबा दचकले नाहीत. घड्याळाविना मोकळ्या मनगटावरचा पांढरा पट्टा त्यांनी दुसऱ्या हाताने झाकला. मग म्हणाले, "चाक किती डोलत होतं?"

"अर्धा फेरा. त्याहून कमीच."

"आज चावी दिली नाहीस?"

तिने अंगठा दाखवला.

"बरं झालं कापलं," आबा म्हणाले.

"बरं झालं?" तिचा बांध फुटला. "बारा आठवडे झाले आबा! बारा आठवडे मी त्या घड्याळापायी नीट जेवले नाही. चालत्या घड्याळाचे दात मोजत बसले. तुम्हाला ठाऊक होतं का हे?"

"पंचावन्न वर्षं मी काय भाजी विकत होतो?"

"मग सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

सासऱ्यांशी ती अशी पहिल्यांदाच बोलली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला एक माणूस उठून उन्हात जाऊन उभा राहिला. आबांनी काठीचं टोक टपालपेटीच्या दिशेने केलं.

"पेटीपर्यंत ठीक असतं," ते म्हणाले. "मग धाप लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते. पुलाकडे गेलो नाही त्याला पाच महिने झाले. डॉक्टरला दाखवलंय, उगाच तसं बघू नकोस. गोळ्या आहेत, चष्म्याच्या डबीत ठेवतो. चालायला तोच नको म्हणाला."

"मग घरी सांगायचं."

"सांगितलं की तुझा नवरा मला खिडकीपाशी बसवणार. पांघरूण घालून." आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटलं, पहिल्या सोमवारी तू झाकण उघडशील, चाक बघशील, तुला कळेल. मला तोंडाने सांगावं लागणार नाही. तर तू चावी दिलीस. दुसऱ्या सोमवारीही दिलीस. मीच शिकवलेलं, बोलणार काय? आणि मग..." त्यांनी मोकळं मनगट चोळलं. "मग बरं वाटायला लागलं. घड्याळात काहीतरी बिघडलंय असं तू म्हणायचीस. तोवर माझ्यात काही बिघडलेलं नव्हतं."

हे ऐकून तिला वाईट वाटलं. पण राग काही कमी झाला नाही, उलट दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काय करावं ते सुचेना. "म्हणजे तुमचं झाकायला माझा हात वाईट ठरवलात," ती म्हणाली. "घरात, गल्लीत, माझ्या स्वतःच्या मनात."

पुढची बस आली आणि गेली.

"त्याला सांगू नकोस," शेवटी ते म्हणाले.

"नाही सांगत. आणि माझी खूण?"

"अट सात दिवसांची आहे," म्हातारा म्हणाला. "घड्याळ चालायला हवं." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

ती एकटीच दुकानात परत आली. त्याच रात्री घड्याळ आबांच्या हातात ठेवताना ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "घ्या." झाकण उघडलेलं असल्यामुळे ते पुन्हा बसवण्यापूर्वी तिने आतला स्क्रू फिरवून कमान पुरती भरून दिली होती. सात दिवसांपैकी दोन दिवसांची ती शिदोरी. पुढचे पाच दिवस आबा आणि त्यांचा बाक.

तो आठवडा तिला आधीच्या बारांपेक्षा जड गेला. आधी निदान आशा तरी होती. आता घड्याळात दोष नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते कोणालाही सांगता येत नव्हतं. सांगावं तर आबा खिडकीपाशी, न सांगावं तर ती जन्मभर "नाही जमत"मध्ये. इकडे आड, तिकडे विहीर. गुरुवारी सकाळी आबा आंघोळीला गेले होते. घड्याळ त्यांच्या उशाशी होतं. तिने ते उचललं. वीसेक वेळा घुंडी फिरवली की झालं, अंगठाही आता बरा होता. चोरून रोज एवढं केलं तर सोमवारी खूण तिची. मग तिला झाकणातल्या आबांच्या त्रिकोणांची ओळ आठवली. फसवून घातलेली खूण त्या ओळीत बसवायची? तिने घड्याळ होतं तसं, त्याच कोनात ठेवून दिलं. स्वतःच्या या प्रामाणिकपणाचा तिला तेव्हा मनस्वी संताप आला.

शुक्रवारी जेवताना नवरा म्हणाला, "या खेपेला तरी?" ती ताट उचलून उठली. "नाही म्हणजे," तो मागून म्हणाला, "बॅटरीची चांगली मिळतात आता. आणि बाबा, तुमचा खांदा का दुखतोय? सारखं तेल चोळताय. जरा कमी चाला." आबा म्हणाले, "बघू." तिने नळ मोठा सोडला आणि भांडी आपटून घासली. त्या आठवड्यात आबांच्या घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. जे ठाऊकच आहे ते बघून काय करायचं?

तेराव्या सोमवारी साडेनऊला आबांनी घड्याळ काढून हिरव्या कापडावर ठेवलं. "मागे पडतंय" म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले, पण पेपर उघडला नाही.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग कापडावरच्या. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभी राहिली आणि सेकंदकाटे जुळवून पाहिले. अकरा सेकंद. सात दिवसांत अकरा सेकंद.

बोटं चावीकडे गेली. तिने ती मागे घेतली, घड्याळ पकडीत बसवलं आणि झाकण उघडलं. आतलं चाक ऐटीत डोलत होतं, पाऊण फेरा इकडे, पाऊण फेरा तिकडे. कमान काठोकाठ भरलेली. असं भरायला माणसाने रोज पुलापर्यंत जाऊन यावं लागतं, नाहीतर...

दुकानात तेलाचा वास येत होता. सांधेदुखीच्या तेलाचा. आबा उजव्या हाताने डावा खांदा दाबत बसले होते.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही हात हलवत बसलात."

"छे."

"आठवडाभर बाकावर बसून हात हलवलात!"

"एवढ्या बसगाड्या जातात येतात," आबा म्हणाले. "आत कोणी ओळखीचं दिसलं की हात करावा लागतो. माणुसकी म्हणून."

"सकाळ-संध्याकाळ?"

"ओळखी पुष्कळ आहेत माझ्या."

"ही फसवणूक झाली."

"काय फसवणूक? माझं मनगट, सात दिवस, चावी दिली नाही. अटीत पायांचं काही नव्हतं." आणि मग, तिच्याकडे न बघता, "घाल आता. किती वेळ झाकण उघडं ठेवणार? धूळ बसेल."

तिने खणातून सुई काढली. झाकण उलटं धरलं. त्रिकोणांच्या ओळीच्या शेवटी तो न मिळालेला त्रिकोण होता. सुई घसरली नव्हती, हात थरथरला होता. हे तिला पहिल्याच सोमवारी दिसायला हवं होतं. तिने त्याच्याशेजारी आडवी रेघ ओढली. भंगारातल्या झाकणावर हजार वेळा सरळ आलेली रेघ, पण डोळ्यांत पाणी असलं की भिंगाचा काही उपयोग होत नाही. वर ठिपका दिला. महिना घातला, वर्ष घातलं.

"बघू," आबा म्हणाले.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. हात इतका थरथरत होता की झाकण तिलाच धरावं लागलं.

"वाकडी आलीय," आबा म्हणाले.

एकोणीस वर्षांनी मिळालेल्या पहिल्या खुणेला तो माणूस वाकडी म्हणाला. तिने झाकण बसवलं, काच पुसली आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. आबा उठले. काठी घेतली, टोपी घातली. दारात चष्मेवाला उभा होता. तो म्हणाला, "काय आबा, आज उशिरा? निघालात का फिरायला?"

"पुलापर्यंत," आबा म्हणाले आणि सुनेकडे पाहिलं.

"हो, पुलापर्यंत," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "तासभर लागेल त्यांना."